मॅडमनी शाळेत बोलावलंय

धारा काढून झाल्या असतील, चुलीवरचं उतरलं असेल, आता घटकाभर बसा. ज्या मैत्रिणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकताय, त्यांनी वही-पेन जवळ ठेवा. मधे दोन फोन नंबर सांगणार आहे.

आज बोलायचंय आठवी-नववी-दहावीतल्या आपल्या लेकरांविषयी. बैठकीत हप्ता, व्याज, कर्जमागणी झाली की चहाच्या वेळी बायका फिरून फिरून याच विषयावर येतात. पोरगं बोलतच नाही. पोरगी सारखी तडकते. मोबाईल काढून घेतला तर जेवायला उठत नाही. आणि हल्ली एक नवं वाक्य ऐकू येतं, "शाळेतल्या समुपदेशनाच्या मॅडमनी बोलावलंय. कशाला बोलावलं असंल ओ ताई?" विचारणारीचा चेहरा असा, जणू बँकेची नोटीस आलीय.

तर आधी हे समुपदेशन म्हणजे काय ते बघू. शब्द जड आहे, आणि त्यात 'उपदेश' लपलेला आहे, म्हणून पोरंसुद्धा घाबरतात. उपदेश तर घरी आई-बाप, शेजारी, मामा, सगळेच देतात, आणखी एक कशाला! पण या मॅडमचं काम मुख्यतः ऐकायचं असतं. लेकराला काय होतंय ते त्याच्याच तोंडून, त्याच्याच वेगानं बाहेर येऊ द्यायचं, आणि मग त्यातून वाट त्यालाच शोधू द्यायची. समुपदेशक म्हणजे 'डोक्याचा डॉक्टर' नव्हे. त्या औषध देत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत. औषधाची गरज वाटली तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. आणि ज्याला बोलावलं ते लेकरू 'येडं' आहे, असा अर्थ तर मुळीच काढू नका. सरकारी आरोग्य खातं १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणतं. या वयात शरीर बदलतं, आवाज बदलतो, पाळी सुरू होते, झोपेच्या वेळा बदलतात, मैत्रिणीचं मत आईच्या मतापेक्षा मोठं वाटायला लागतं. रागाला लगाम घालणारा मेंदूचा भाग तर विशी ओलांडल्यावरही पक्का होत असतो. म्हणजे भावना मोठ्या माणसाच्या आणि ब्रेक लहान मुलाचा, अशी ती अवस्था.

आता मुद्द्यावर येते. मॅडम आपल्याला का बोलावतात? कारण त्यांच्याकडे अर्धीच गोष्ट असते. उरलेली आपल्याकडे असते.

समजा, नववीतला एक मुलगा वर्गात मागच्या बाकावर झोपतो. सरांच्या लेखी तो आळशी. पण आईला ठाऊक असतं की या आठवड्यात शेताला रात्रीची लाईट आहे आणि पोरगा वडिलांबरोबर दारं धरायला जातो. पहाटे तीनला येऊन झोपतो, सातला उठतो. हे शाळेला कोण सांगणार? आणि उलटही असतं. तोच मुलगा मधल्या सुट्टीत एकटा बसतो, दोन पोरं त्याला रोज चिडवतात, म्हणून तो गणिताच्या तासाला बाहेर जायचं निमित्त शोधतो. हे मॅडमना दिसतं, आईला कुठून दिसणार? दोन्ही अर्ध्या एकत्र आल्या की कळतं, इथं आळस नावाची गोष्टच नाही.

म्हणून भेटीला जाताना हात जोडून, मान खाली घालून जाऊ नका. तुम्ही आरोपी नाही, तुम्ही माहितगार आहात. झोप किती, जेवण कसं, घरात अलीकडे काय घडलं, कोण आजारी आहे, कर्जाचा ताण आहे का, कोणाशी बोलणं बंद झालंय का, हे बारीकसारीक सांगा. डोळे तपासलेत का तेही सांगा. मला नेहमी वाटतं की 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून शिक्का बसलेल्या पोरांपैकी काहींना फळ्यावरचं दिसतच नसेल. मुलींच्या बाबतीत रक्त कमी असण्याचं बघायचं. अंगात रक्त नसलं की दमणूक येते, चिडचिड येते, आणि आपण म्हणतो हिला कामाचा कंटाळा. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती मुलगी घेते का, की खिडकीतून टाकते, हे विचारून घ्या. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांचं कार्ड घरी आलं का तेही बघा. मनाचं कारण शोधायच्या आधी शरीराचं तपासून घेणं स्वस्त आणि सोपं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पुष्कळ ठिकाणी गाडी इथंच रुतते.

लेक मॅडमशी बोलून घरी आली की आपण दारातच विचारतो, "काय विचारलं मॅडमनी? तू काय सांगितलंस? माझं नाव घेतलंस का?" लेक गप्प बसली की आपण शाळेत जातो आणि मॅडमना तेच विचारतो. मॅडम हसून विषय बदलतात, मग आपल्याला राग येतो. माझ्या पोटची पोर, आणि तिचं मन हिला माहीत, मला नाही! राग येणं साहजिक आहे. पण थोडं आपल्या गटाकडे बघा. एखादी बाई बैठकीत नवऱ्याच्या दारूबद्दल बोलते, रडते. आपण ते तिच्या सासूला जाऊन सांगतो का? गटातलं गटात राहतं, म्हणून तर ती बोलते. एकदा का ते पाणवठ्यावर गेलं की पुन्हा ती तोंड उघडणार नाही, आणि दुसऱ्याही उघडणार नाहीत. मॅडमच्या खोलीचं असंच आहे. लेकराला कळलं की इथं बोललेलं संध्याकाळी घरी पोचतं, की त्या खोलीचं दार त्याच्यापुरतं बंद.

याला अपवाद आहेत आणि ते चांगल्या समुपदेशक पहिल्याच भेटीत, लेकरू आणि आई-बाप दोघांसमोर, उघड सांगतात. लेकरू स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारात असेल, कोणी त्याला त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा ते दुसऱ्याला इजा करणार असेल, तर ते गुपित ठेवता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. मॅडमनाही, आणि आपल्यालाही. मॅडमनी हे आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, "काय सांगितलं तर आम्हाला कळवणार आणि काय तुमच्याकडं ठेवणार?" हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. तसंच आपण घरातलं काही सांगितलं, नवऱ्याचं व्यसन म्हणा, मारहाण म्हणा, तर ते वर्गशिक्षकांपर्यंत जाणार का, हेही आधीच विचारून घ्या. झाकली मूठ दोन्हीकडून राहायला हवी.

मग आईनं विचारायचं तरी काय? "ती काय म्हणाली?" याऐवजी "मी घरी काय करू?" हे विचारा. या प्रश्नाचं उत्तर मॅडम मोकळेपणी देऊ शकतात. आणि उत्तर बहुतेक वेळा छोटं असतं. पंधरा दिवस त्याची चुलतभावाशी तुलना करू नका. पाहुण्यांसमोर मार्क काढू नका. रात्रीचं पाणी द्यायला आठवड्यातून दोनच दिवस न्या. एका वेळी एकच गोष्ट ठरवून घ्या आणि पंधरा दिवसांनी मॅडमना सांगा, जमलं की नाही. नाही जमलं तर तसंच सांगा. खोटं 'हो' म्हणालात तर त्या चुकीच्या दिशेनं विचार करत बसतील.

बोलतं करण्याचा एक साधा उपाय सांगते. पोराला समोर बसवून "बोल, काय झालंय" म्हटलं तर ते भिंतीकडे बघतं. हाताला काम असलं की जिभेचं कुलूप उघडतं. शेंगा फोडताना, मेथी निवडताना, गाडीवर मागं बसून बाजाराला जाताना पोरं आपणहून बोलतात, कारण डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. तेव्हा मधेच तोडून सल्ला देऊ नका. "बरं, मग?" एवढं पुरतं.

मोबाईलचं सगळ्याच विचारतात. मॅडम तुमच्या वतीनं फोन हिसकावून घेणार नाहीत. त्या घरातल्या सगळ्यांना बसवून एक नियम ठरवायला सांगतील, जसं जेवताना आणि झोपताना फोन एका जागी ठेवायचा. तो नियम बापालाही लागू. ताटावर बसून रील बघणाऱ्या बापाच्या घरात पोरानं फोन ठेवावा ही अपेक्षाच चुकीची.

आणि बापाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. निरोप 'पालकांना' येतो. पालक म्हणजे आईच, असं कुठल्या कागदात लिहिलंय? मिसरूड फुटलेल्या पोराला काही गोष्टी बापाकडूनच ऐकायच्या असतात, आणि मुलीला तर बाप आपल्या बाजूनं आहे हे कळणं फार मोठं असतं. मॅडमना विनंती करून बाजाराच्या दिवशी किंवा सकाळी लवकरची वेळ मागून घ्या, म्हणजे मजुरी बुडत नाही. एकदा का बाप त्या खुर्चीत बसला की पुढचं सोपं जातं.

आता आपल्या भागाचं दुखणं. दिवाळी झाली की आपल्या गावांतून कोयते निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते, आणि नवरा-बायको फडावर जातात ते मार्च-एप्रिललाच परत. मागं राहतात आजी आणि शाळेत जाणारी लेकरं. दहावीची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे लेकराला आई सगळ्यात जास्त हवी तेव्हा आई कोपीत. अशा घरांत 'शाळा आणि पालक मिळून' हे कसं जमायचं?

जमतं, पण त्याची तयारी जाण्याआधी करावी लागते. निघण्याच्या आठवड्यात आजीला घेऊन शाळेत जा. मॅडमना किंवा वर्गशिक्षकांना आजी दाखवा, त्यांचा नंबर आजीच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये असा दोन्हीकडे घाला. आजीला वाचता येत नसेल तर एक अंक दाबला की मॅडमना लागेल असं करून द्या, कोणीही पोरगं पाच मिनिटांत करून देतं. फोनचा एक वार ठरवा, आणि तो पाळा. लेकरू त्या वाराची वाट बघतं. फोनवर पहिलं वाक्य "अभ्यास केला का" नको. शेळीला काय झालं, आजीचा गुडघा कसा आहे, भाजी कोणी केली, तिथून सुरू करा. मॅडमनीही वाईट बातमीसाठीच फोन करायचा नसतो. महिन्यातून एकदा "बरं चाललंय" एवढं सांगितलं तरी फडावरच्या आईला रात्री झोप लागते. त्यांच्या हे लक्षात आलं नाही तर तुम्ही सांगा.

यातली जास्त अवघड गोष्ट मुलींची आहे. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची, या काळजीपोटी हंगामाच्या आधी तिचं लग्न उरकण्याचे बेत होतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळं नवरी आली की त्या घरी उचलही वाढते. काळजी खरी आहे, मी तिला खोटी म्हणणार नाही. पण १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि मुलीनं हे शाळेत सांगितलं तर मॅडम गप्प बसू शकत नाहीत. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांच्यापर्यंत गोष्ट जाणार. मग मंडपात पोलीस, सोयऱ्यांत नाचक्की, आणि लेक मधल्या मधे. त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरातच मॅडमना जाऊन स्वच्छ सांगा, "आम्हाला पोरीच्या राहण्याची काळजी आहे." वसतिगृहात जागा मिळते का, मावशीकडे राहून शाळा बदलता येते का, गटातली एखादी मैत्रीण रात्री आजीकडे झोपायला जाईल का, यातलं काही ना काही हाताशी लागतं. एका गावात गटातल्या चार बायकांनी पाळी लावून हेच केलं, आजी-नातीच्या सोबतीला आलटून पालटून जात राहिल्या. मुलगी आज बारावीत आहे.

यापुढचं जरा जड आहे, पण ते आत्ता बोलायलाच हवं.

लेकरू एकाएकी सगळ्यांपासून तुटलं, आवडीच्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकायला लागलं, झोप-जेवण सुटलं, "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोललं, तर ती धमकी समजू नका आणि नाटकही समजू नका. त्याच दिवशी मॅडमना कळवा, सोमवारपर्यंत थांबू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारायला बायका घाबरतात, वाटतं की आपणच डोक्यात घालतोय. तसं होत नाही. विचारल्यावर उलट लेकराचा भार हलका होतो. त्याला एकटं सोडू नका. आणि घरात फवारणीची औषधं असतात, ती आजच कुलपात घाला, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. ज्या घरात काही चिन्ह नाही त्यांनीही घाला. रागाचा तो एक झटका असतो, तो ओसरेपर्यंत हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. आणि कोणी काही केलंच तर पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

नंबर लिहून घ्या. १४४१६, याला टेली मानस म्हणतात. केंद्र सरकारनं ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं, आणि लेकरानंच फोन करायला हवा असं नाही, आईही करू शकते. दुसरा नंबर १०९८, लहान मुलांच्या संकटासाठीचा. मारहाण, अत्याचार, पळवून नेणं, बालविवाह, काहीही असो.

दहावीच्या निकालाचा दिवस तर आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी लेकरू एकटं निकाल बघणार नाही, घरातलं कोणीतरी शेजारी बसेल. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि लगेच पुरवणी परीक्षाही असते. वर्ष वाया जात नाही हे लेकराला निकालाच्या आधी माहीत हवं. निकालानंतर सांगितलं तर ते समजूत घातल्यासारखं वाटतं. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात दरवर्षी समुपदेशक नेमतं आणि त्यांचे फोन नंबर जाहीर करतं. ते शाळेच्या फलकावर लावायला सांगा.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्या शाळेत अशी मॅडमच नाही." खरं आहे. आपल्या बहुतेक शाळांत इतिहासाच्या सरांकडे किंवा मराठीच्या बाईंकडेच हे काम येतं, तेही तास सांभाळून. पण एक गोष्ट नवी घडली आहे. विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून शिकणारी १७ वर्षांची एक मुलगी गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला निकाल देताना देशभरातल्या शाळा-कॉलेजांसाठी आणि शिकवण्यांसाठी सूचना घालून दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्यापेक्षा लहान शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं, पालकांसाठी कार्यक्रम घ्यायचे आणि टेली मानससारखे नंबर ठळक लावायचे. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. न्यायालयानं सांगितलं म्हणजे उद्या सकाळी मॅडम हजर, असं होत नसतं हे आपल्याला पाण्याच्या टाकीवरून माहीत आहेच. मागावं लागतं.

मागेपर्यंतची सोय म्हणजे 'मैत्री' क्लिनिक. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून अनेक ग्रामीण रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ही क्लिनिकं आहेत, तिथं समुपदेशक बसतात. आपल्या रुग्णालयात आहे का आणि कोणत्या दिवशी, हे आशाताईंना विचारा. त्या समुपदेशकांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवायचं पत्र मुख्याध्यापक देऊ शकतात.

आणि मागायचं कसं? आठवीपर्यंतची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि सदस्यांपैकी निम्म्या बायका. शिक्षण हक्क कायद्यानंच तसं ठरवलंय. म्हणजे तुम्हीच आहात तिथं, फक्त सही करून उठायचं नाही. नववी-दहावीसाठी पालक-शिक्षक संघात विषय काढा. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्या आणि मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. त्यात न्यायालयाच्या निकालाची तारीख लिहा, शाळेची पटसंख्या लिहा, समुपदेशक कधी मिळणार ते विचारा, तोवर मैत्री क्लिनिकच्या भेटीची मागणी करा, आणि बोलण्यासाठी दार लावता येईल अशी एक खोली मागा. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कोणतंही लेकरू बोलत नाही. अर्जाखाली नुसत्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या नकोत. ज्यांची लेकरं त्या शाळेत आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, सही येत नसेल तिथं अंगठा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि दोन्हीकडची पोच घेऊन गटाच्या फाईलला लावा.